चाळिशी झाली म्हणून टीममध्ये घेतलं नाही, पुण्याच्या या प्राध्यापकाने बावन्नाव्या वर्षी दोन्ही डावांत शतकं ठोकली

रविवारी सकाळी कोथरूडच्या कुठल्याही मैदानावर चक्कर मारा. एकाच मैदानात टेनिस बॉलच्या तीन मॅच सुरू असतात. एका मॅचचा फिल्डर दुसऱ्या मॅचच्या पिचवर उभा असतो, तरी कुणाचं काही अडत नाही. त्या गर्दीत चाळिशी ओलांडलेला एखादा काका हमखास दिसतो. बॅटिंग झोकात करतो, पण फिल्डिंगची वेळ आली की गुडघ्याला हात लावतो. चाळिशीनंतर क्रिकेट फक्त हौसेपुरतं, हे आपण सगळ्यांनी मनोमन मान्य करून टाकलेलं आहे.

नेमक्या याच समजुतीमुळे पुण्यातल्या एका माणसाचं कसोटी क्रिकेट हुकलं. साधासुधा खेळाडू नव्हता तो. देशाच्या संघाकडून खेळताना त्यांनी इंग्लंडहून आलेल्या बॉलर्सना १४८ धावांचा चोप दिला होता. पण रेकॉर्ड बुकात त्यांच्या नावापुढे कसोटी सामने किती, तर शून्य.

त्यांचं नाव दिनकर बळवंत देवधर. सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेले प्रा. दि. ब. देवधर.

नावाची देवधर ट्रॉफी आपण ऐकून असतो. पण ज्या माणसाच्या नावाने ट्रॉफी आहे, त्याला भारताची कसोटी कॅप का मिळाली नाही, हा किस्सा मात्र फारसा सांगितला जात नाही.

संस्कृतचा मास्तर आणि पांढरे कपडे

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, म्हणजे ऐन संक्रांतीच्या दिवसांतला. तेव्हाचं पुणे म्हणजे पेठा आणि कॅम्प. नदीपलीकडचं कोथरूड शेतं असलेलं गाव होतं. क्रिकेट हा साहेबांचा आणि पारशांचा खेळ मानला जायचा. पुण्या-मुंबईची हिंदू पोरं मात्र तो झपाट्याने शिकत होती.

देशातलं सगळ्यात मोठं क्रिकेट तेव्हा मुंबईत व्हायचं. युरोपियन, पारशी आणि हिंदू अशा तीन संघांची तिरंगी स्पर्धा भरायची. पुढे मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९११ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी देवधर हिंदू संघाकडून या स्पर्धेत उतरले. तिथून त्यांचं प्रथम श्रेणी क्रिकेट सुरू झालं.

पण क्रिकेटवर घर चालण्याचे ते दिवस नव्हते. संस्थानिकांच्या पदरी असलेले खेळाडू सोडले, तर बाकीच्यांना पोटापाण्याचं दुसरं काहीतरी बघावंच लागायचं. देवधर संस्कृतचे प्राध्यापक झाले. वर्गात व्याकरण आणि काव्य, मैदानावर कव्हर ड्राइव्ह, असं त्यांचं दुहेरी आयुष्य सुरू झालं. नावामागे लागलेलं 'प्रोफेसर' शेवटपर्यंत सुटलं नाही.

१९२६ ची ती १४८ धावांची खेळी

१९२६ च्या हिवाळ्यात एमसीसीचा संघ भारतात आला. एमसीसी म्हणजे इंग्लंडचा मेरिलबोन क्रिकेट क्लब. त्या काळात इंग्लंडचा संघ परदेश दौऱ्यावर याच नावाने जायचा. कॅप्टन होते आर्थर गिलिगन, ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात इंग्लंडचं नेतृत्व केलं होतं. सोबत मॉरिस टेट होता. त्याच ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोटींत ३८ बळी घेतलेला बॉलर. थोडक्यात, फिरायला आलेली मंडळी नव्हती ही.

दौऱ्यातला पहिला धमाका सी. के. नायडूंनी केला. मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी १५३ धावा कुटल्या आणि त्यात ११ षटकार मारले. सगळ्या देशात त्याचीच चर्चा झाली.

त्यानंतर काही दिवसांनी, डिसेंबर महिन्यात, मुंबईतच अखिल भारतीय संघ एमसीसीविरुद्ध उतरला. इथे धर्माच्या नावावर टीम नव्हती, देशाच्या नावावर होती. या सामन्यात ३४ वर्षांच्या देवधरांनी १४८ धावा काढल्या. भारताने पहिल्या डावात एमसीसीवर आघाडी घेतली आणि सामना अनिर्णित राहिला.

बलाढ्य साहेबाच्या संघावर देशाच्या संघाने आघाडी घेणं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. भारतीयांना कसोटी खेळता येईल का, या प्रश्नाचं उत्तर मैदानावर मिळायला लागलं होतं. याच दौऱ्यात गिलिगन यांनी भारतीय मंडळींना स्वतःचं क्रिकेट मंडळ काढण्याचा सल्ला दिला. त्यातून डिसेंबर १९२८ मध्ये बीसीसीआय उभं राहिलं आणि पुढे भारताच्या कसोटी प्रवेशाचा रस्ता मोकळा झाला.

हा रस्ता तयार करणाऱ्या खेळींमध्ये नायडूंचे १५३ होते, तसे देवधरांचे १४८ पण होते.

मग ती खेळी मोजली का जात नाही?

इथे खरी मेख आहे. ती समजून घ्यायला जरा वेगळ्या खेळाकडे बघू.

आइस हॉकीच्या जागतिक स्पर्धेत वरच्या गटात १६ देश असतात. त्याच्या खाली डिव्हिजन वनचा 'ए' गट असतो, त्यात सहा देश. या सहांमधले पहिले दोन पुढच्या वर्षी वरच्या गटात जातात आणि शेवटचा आणखी खाली घसरतो. म्हणजे ही दुसऱ्या पायरीवरची स्पर्धा. पण तिथे मारलेला प्रत्येक गोल अधिकृत असतो. देश खालच्या पायरीवर आहे म्हणून खेळाडूचा आकडा पुसला जात नाही.

१९२६ च्या क्रिकेटमध्ये असली पायरीच नव्हती. तुमचा देश कसोटी खेळणारा आहे, नाहीतर नाही. भारताला तेव्हा कसोटीचा दर्जा नव्हता. त्यामुळे समोर इंग्लंडचे कसोटी खेळाडू असले, अंगावर देशाची टोपी असली आणि मैदान खच्चून भरलेलं असलं, तरी सामना 'अनधिकृत'च. देवधरांच्या १४८ धावा प्रथम श्रेणीच्या खात्यात जमा झाल्या, आंतरराष्ट्रीय खात्यात नाही.

गंमत बघा. सात वर्षांनी, डिसेंबर १९३३ मध्ये, भारतातली पहिली अधिकृत कसोटी मुंबईच्या जिमखान्यावर झाली. त्यात लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या. ते भारताचं पहिलं कसोटी शतक म्हणून आजही स्पर्धा परीक्षांमध्ये विचारलं जातं. शहर तेच, समोरचा देशही तोच. दर्जाचा कागद मात्र दरम्यानच्या काळात आला होता. देवधर त्या कागदाच्या आधी खेळून गेले, एवढाच काय तो फरक.

१९३२ आणि चाळीस हा आकडा

खरंतर हिशोब चुकता करायची एक संधी होती. १९३२ साली भारताचा संघ पहिली कसोटी खेळायला इंग्लंडला निघाला. निवड सुरू झाली तेव्हा देवधरांनी चाळिशी गाठली होती. निवड समितीला हे वय जास्त वाटलं आणि त्यांचं नाव यादीत आलं नाही.

आता यादीत कोण होतं ते पण बघा. कॅप्टन पोरबंदरचे महाराज. बॅटिंगमध्ये त्यांची इतकी पंचाईत होती की अख्ख्या दौऱ्यात प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या दोनच धावा झाल्या. लॉर्ड्सवरच्या कसोटीत ते स्वतःहून बाजूला राहिले आणि नेतृत्व सी. के. नायडूंनी केलं, हा त्यांचा मोठेपणा. पण संघात जागा कशी मिळायची, हे यातून कळतं. संस्थान असेल तर बॅटिंगचं कुणी विचारत नव्हतं. प्राध्यापकाचं मात्र वय विचारलं गेलं.

बरं, चाळिशीत कसोटी खेळता येत नाही, असा काही नियम होता का? तर नाही. १९२९ मध्ये जॅक हॉब्ज यांनी मेलबर्नला वयाच्या ४६ व्या वर्षी कसोटी शतक मारलं होतं. १९३० मध्ये विल्फ्रेड ऱ्होड्स ५२ व्या वर्षी इंग्लंडकडून कसोटी खेळले होते. ही ताजी उदाहरणं सगळ्यांच्या डोळ्यासमोर होती.

पन्नाशीच्या दारात २४६

दुसरा कुणी असता तर बॅट माळ्यावर टाकून वर्तमानपत्रात टीका करत बसला असता. देवधर खेळत राहिले.

१९३४ मध्ये रणजी करंडक सुरू झाला. आता धर्माऐवजी प्रांताच्या नावाने संघ उतरू लागले. देवधर महाराष्ट्राचे कॅप्टन झाले. त्यांच्या नेतृत्वात महाराष्ट्राने १९३९-४० मध्ये संयुक्त प्रांताला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली आणि पुढच्याच वर्षी मद्रासला हरवून पुन्हा जिंकली. त्यानंतर महाराष्ट्र तीनदा फायनलला पोहोचला, पण करंडक आजवर परत आलेला नाही. म्हणजे महाराष्ट्राच्या कपाटात असलेल्या दोन्ही रणजी देवधरांच्याच.

या काळात त्यांच्या हाताखाली कोण तयार होत होतं? सांगलीचे विजय हजारे. १९३९-४० च्या मोसमात पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या, रणजीतलं ते पहिलं त्रिशतक. पुढे १९५२ मध्ये भारताने पहिली कसोटी जिंकली, तेव्हा कॅप्टन हेच हजारे होते. रंगा सोहोनी, सदू शिंदे हे महाराष्ट्राचे गडीसुद्धा पुढे कसोटी खेळले. गुरूला जे मिळालं नाही, ते त्याच्या संघातल्या पोरांनी मिळवलं.

पण देवधर फक्त पोरांना सूचना देणारे कॅप्टन नव्हते. १९४०-४१ च्या मोसमात पुण्यात महाराष्ट्र आणि मुंबई समोरासमोर आले. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या आणि मुंबईने ६५०. मुंबईच्या खंडू रांगणेकरांनी द्विशतक मारलं. महाराष्ट्राकडून २४६ धावा केल्या त्या पन्नाशीच्या दारात उभ्या असलेल्या देवधरांनी. पहिल्या डावातल्या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला आणि त्या वर्षीची रणजी घेऊनच थांबला. ही २४६ धावांची खेळी त्यांच्या आयुष्यातली सर्वोच्च ठरली.

आणि मग १९४४ साल. समोर नवानगरचा संघ होता, देवधरांचं वय ५२. पहिल्या डावात १०५, दुसऱ्या डावात १४१. एका सामन्याच्या दोन्ही डावांत शतकं. ज्या वयाला म्हातारपण समजून त्यांना वगळलं होतं, त्याच्या पुढे बारा वर्षं जाऊन त्यांनी हा पराक्रम केला.

करिअर संपलं तेव्हा खात्यात ८१ प्रथम श्रेणी सामने, ४५२२ धावा आणि ३९.३२ ची सरासरी होती. धर्माच्या नावाने खेळले जाणारे सामने, अखिल भारतीय संघ आणि मग रणजी, असा भारतीय क्रिकेटचा सगळा प्रवास या एकाच करिअरमध्ये दिसतो.

आयुष्याचं पण शतक

खेळणं थांबल्यावर त्यांनी राष्ट्रीय निवड समितीत काम केलं. जिथे त्यांचं नाव खोडलं गेलं होतं, त्याच खुर्चीवर बसून त्यांनी दुसऱ्यांची नावं लिहिली. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं अध्यक्षपद आणि बीसीसीआयचं उपाध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. घरातही खेळ होताच. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या तिन्ही मुलींनी बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. ज्या काळात मुलींनी मैदानावर जायचं की नाही यावर वाद घातले जायचे, त्या काळातली ही गोष्ट.

१९६५ मध्ये त्यांना पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३-७४ पासून विभागीय संघांच्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेला त्यांचं नाव दिलं गेलं. जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी वयाची शंभरी पूर्ण केली. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, पुण्यात त्यांचं निधन झालं.

तीन वर्षांनी टपाल खात्याने भारतीय क्रिकेटपटूंवर चार तिकिटं काढली. सी. के. नायडू, विजय मर्चंट, विनू मंकड आणि दि. ब. देवधर. यातले तिघं भारताकडून कसोटी खेळलेले. चौथ्याच्या नावापुढे कसोटी सामने शून्य, पण तिकीट मात्र बरोबरीचं.