दू फू : घराच्या वाटेवरचा महाकवी

चिनी काव्याचा विषय निघाला की ली पोचे नाव आपल्याकडे चटकन ओठांवर येते. त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान असलेल्या दू फूकडे सहसा कोणी वळत नाही. आम्हां सरकारी चाकरांना मात्र हा दुसराच अधिक जवळचा वाटतो.

दू फूचा जन्म इ. स. ७१२ मधला, हेनान प्रांतातला. आजोबा नामवंत कवी, घराणे अधिकाऱ्यांचे; तेव्हा राजसेवेच्या परीक्षेत यश मिळवावे, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. पण तो अनुत्तीर्ण झाला. ७४७ साली पुन्हा बसला, तर प्रधानमंत्री ली लिनफू याने सरसकट सर्वच उमेदवारांना नापास केले! राजधानी छांगआनमध्ये कित्येक वर्षे उमेदवारी केल्यावर ७५५ मध्ये एक किरकोळ जागा मिळाली. ती घेऊन तो कुटुंबाला भेटावयास गेला, तो तान्हा मुलगा उपासमारीने दगावलेला. त्याच सुमारास आन लुशानचे बंड पेटले.

बंडखोरांच्या ताब्यातील राजधानीतून ७५७ मध्ये निसटून तो नव्या सम्राटाकडे पोहोचला. तेथे त्याला पद मिळाले ते सम्राटाच्या चुका त्याच्या नजरेस आणून देण्याचे. दू फूने हे काम खरोखरच केले; बडतर्फ झालेल्या एका मंत्र्याची बाजू घेतली आणि स्वतःच अडचणीत आला. पुढल्याच वर्षी त्याची राजधानीबाहेर रवानगी झाली. अशा बदलीचा अर्थ वाचकांस उलगडून सांगावयास नको.

७५९ मध्ये नोकरी सोडून तो सहकुटुंब भटकत छंगदूला आला. तेथील गवताने शाकारलेल्या झोपडीत त्याला थोडे स्वास्थ्य लाभले. एकदा वादळाने तिचे छप्पर उडाले, तेव्हा रात्रभर भिजत असता त्याने कल्पना केली ती जगातील साऱ्या गरीब विद्वानांना सामावून घेणाऱ्या प्रचंड घराची.

त्याच्या शैलीविषयी दोन शब्द. आठ ओळींची, ओळीत पाच वा सात अक्षरे असलेली बांधीव रचना हा त्याचा खास प्रांत. आपल्या वृत्तांत लघुगुरूंचा हिशेब असतो. तेथे तो उच्चाराच्या सुरांचा. शिवाय मधल्या दोन्ही द्विपदींत शब्दासमोर शब्द तोलून बसवावा लागतो. एवढ्या बंधनात त्याने सक्तीची सैन्यभरती, करवसुली, ताटातूट, मुलांची भूक हे सारे आणले. म्हणूनच चिनी परंपरा त्याला कवी-इतिहासकार म्हणते. ७६६ पासून ख्वेइचौ येथे काढलेल्या दोनेक वर्षांत, प्रकृती ढासळली असतानाही, त्याने सुमारे चारशे कविता लिहिल्या. आमच्या मते त्याची सर्वांत सखोल रचना याच काळातली.

७६८ मध्ये घरच्या ओढीने तो यांगत्से नदीतून नावेने निघाला. ७७० साली हूनान प्रांतात, वाटेतच, त्याचा अंत झाला. त्रेचाळीस वर्षांनी, ८१३ मध्ये, नातवाने त्याचे अवशेष हेनानला नेले आणि कवी युआन झेनकडून समाधिलेख लिहवून घेतला.