ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

दिवाळीच्या दिवसांत अहिल्यानगर जिल्ह्यातील तिसगावच्या माळावर रात्री उभे राहावे. पावसाळा सरलेला असतो, आकाश स्वच्छ असते आणि अमावास्या जवळ आल्यामुळे चंद्राचा उजेडही आड येत नाही. उत्तरेकडे तोंड केले म्हणजे क्षितिजापासून सुमारे १९ अंश उंचीवर ध्रुवतारा दिसतो. हात लांब करून मूठ धरली असता ती आकाशाचा सुमारे १० अंश भाग झाकते; तेव्हा ध्रुव हा क्षितिजापासून दोन मुठींहून किंचित खालीच असतो. ध्रुवाकडे तोंड असताना उजवा हात सरळ बाजूस पसरला की ती पूर्व दिशा. अंधार पडल्यावर थोड्याच वेळाने त्या बाजूस बारीक ताऱ्यांचा एक घोस क्षितिजावर येतो. याच कृत्तिका. परंतु त्या पसरलेल्या हाताच्या रेषेत उगवत नाहीत. तेथून सुमारे अडीच मुठी उत्तरेस सरून उगवतात.

कोणे एके काळी त्या अगदी नेमक्या पूर्वेस उगवत असत. या दोन जागांमधील अंतरावरून एका प्राचीन ग्रंथाचा काळ ठरविण्याचे साहस ज्यांनी केले, त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. ते कोणत्याही वेधशाळेचे अधिकारी नव्हते किंवा विद्यापीठाचे पदवीधरही नव्हते. सारा जन्म त्यांनी शाळेत मुलांना शिकविण्यात घालविला.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरूड या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेही गाव हेच. समुद्रकाठच्या या लहानशा गावात दीक्षितांचे मराठी शिक्षण झाले आणि दापोलीस त्यांनी थोडे इंग्रजी शिक्षण घेतले. पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. तेथील अभ्यासक्रम पुरा करून १८७४ साली ते मॅट्रिकची परीक्षाही उत्तीर्ण झाले. येथे त्यांचे शालेय शिक्षण संपले. त्यानंतर रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. प्रत्येक बदलीबरोबर पोथ्यांची आणि कोष्टकांची गाठोडी बांधावयाची, नव्या गावी ती सोडावयाची आणि शाळा सुटल्यावर पुन्हा आकडेमोडीस बसावयाचे, असा हा संसार होता.

ते ज्योतिषाकडे वळले, त्या काळी महाराष्ट्रात पंचांगाविषयी मोठा वाद चालू होता. सर्वत्र चालणारी पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या ग्रंथावरून तयार होत. हा ग्रंथ १५२० सालचा. त्यातील रीती इतक्या सोप्या व चतुर होत्या की साडेतीनशे वर्षे जोशीमंडळींनी दुसरे काही हाती धरले नाही. पण घड्याळ कितीही चांगले असले तरी वर्षानुवर्षे लावले नाही तर मागेपुढे होतेच. ग्रहलाघवावरून काढलेली ग्रहांची स्थाने आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी स्थाने यांत फरक पडू लागला होता. प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ग्रहसाधनाची कोष्टके हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे आधुनिक गणिताच्या आधारे पटवर्धनी पंचांग सुरू केले. तथापि वर्षाचा आरंभ कोठून धरावा, हा प्रश्न उरलाच.

हा प्रश्न संक्रांतीच्या सणावरून चांगला समजतो. सूर्य दक्षिणेकडे सरकता सरकता ज्या दिवशी थांबतो व उत्तरेकडे वळतो, तो उत्तरायणाचा आरंभ. तो डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस होतो. मकरसंक्रांत मात्र आज १४ किंवा १५ जानेवारीस येते. दीक्षितांच्या काळी ती १२-१३ जानेवारीस येत असे. सुमारे पंधरा-सतरा शतकांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत असत. मग ते दुरावले कसे?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, पण तिचा आस स्थिर नाही. भोवरा मंदावू लागला म्हणजे त्याची मान जशी हळूहळू वर्तुळात डोलते, तसा पृथ्वीचा आसही डोलतो. हे डोलणे अतिशय संथ असते. एक फेरा पुरा होण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे दिवस व रात्र समान असताना सूर्य आकाशात ज्या जागी असतो तो वसंतातील बिंदू, ताऱ्यांच्या मानाने दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो. ७२ वर्षांत हा सरक एक अंश होतो. यालाच अयनचलन म्हणतात. जे पंचांग ताऱ्यांवरून वर्ष मोजते ते निरयन आणि जे संपातावरून मोजते ते सायन. निरयन वर्ष सायन वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. एका वर्षात हा फरक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण शतकांमागून शतके गेली की सण ऋतूंना सोडून चालू लागतात.

दीक्षितांचा कौल सायन पंचांगाकडे होता. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी सायन पंचांग चालविले. लोकांनी ते फारसे स्वीकारले नाही. शेजारी जेव्हा संक्रांत करतो, तेव्हाच आपणही करावी, हा मनुष्यस्वभाव आहे; गणित कितीही शुद्ध असले तरी त्याच्यासाठी एकट्याने सण करण्यास कोणी सहसा तयार होत नाही. दीक्षितांनी या विरोधामुळे आपला अभ्यास सोडला नाही, उलट अधिक खोल नेला. पंचांगाचे गणित आज असे का आहे हे जाणावयाचे, तर ते पूर्वी कसे होते हे पाहणे अवश्य होते. त्याच सुमारास पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगांच्या इतिहासावर ग्रंथ मागविला होता. दीक्षितांनी ते काम हाती घेतले आणि ते वाढत वाढत भारतीय ज्योतिषाचा समग्र इतिहास झाले.

बार्शीस शिक्षक असतानाच त्यांच्या गणिताची कीर्ती दूरवर गेली. गुप्त राजांच्या शिलालेखांत जो संवत् दिलेला असतो, त्याचा आरंभ केव्हा झाला, यावर विद्वानांत मतभेद होते. तो निश्चित झाल्यावाचून समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, स्कंदगुप्त यांचा काळच ठरत नव्हता. शिलालेखांचे संशोधक डॉ. फ्लीट हे या लेखांचा संग्रह तयार करीत होते. गणितासाठी त्यांनी दीक्षितांचे साहाय्य घेतले.

मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात एरण येथे एक जुना दगडी स्तंभ आहे. बुधगुप्त राजाच्या कारकिर्दीत तो उभारला गेला. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा काळ कोरलेला आहे. तिथी आणि वार या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतात. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी होते. म्हणजे तिथी ही आकाशावरून ठरते. वार मात्र आकाशाकडे न पाहता सातांच्या फेऱ्याने चालतो. त्यामुळे अमुक वर्षी अमुक तिथीस अमुक वार होता, ही जुळणी वाटेल त्या वर्षी होत नाही. दीक्षितांनी गणित केले. गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० मध्ये धरला, तर एरणचा दिवस २१ जून ४८४ हा येतो, आणि त्या दिवशी गुरुवारच होता. अर्थात एवढी एक जुळणी सातांत एकदा योगायोगानेही होऊ शकते. म्हणून इतर लेखांतील कालही तपासण्यात आले.

काही लेखांत वर्षाला महाचैत्र, महावैशाख अशी नावे होती. ती गुरू ग्रहावरून पडलेली. गुरूला सूर्याभोवती एक फेरी करण्यास सुमारे १२ वर्षे लागतात. दरवर्षी काही दिवस तो सूर्याच्या तेजात लोपतो आणि मग पहाटे पूर्वेस पुन्हा दिसू लागतो. हा उदय ज्या नक्षत्रात होई, त्यावरून त्या संवत्सरास नाव मिळे. ही रीत दीक्षितांनी उलगडून दाखविली. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिथीवरून वार व इंग्रजी तारीख काढण्याची पद्धती आणि गुरूचे द्वादशसंवत्सरचक्र या विषयांवरील दीक्षितांचे लेख त्यात परिशिष्टरूपाने छापले गेले. एका महान राजवंशाचा काळ ठरविण्यात बार्शीच्या शिक्षकाचा असा वाटा आहे.

कृत्तिकांचे प्रकरण याहून अधिक गाजले. शतपथ ब्राह्मणात अग्न्याधान कोणत्या नक्षत्रावर करावे याची चर्चा आहे. तेथे, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, पण कृत्तिका ढळत नाहीत, असा उल्लेख येतो. पूर्वीच्या वाचकांनी हे विधान वाचले होतेच. दीक्षितांनी त्याकडे ज्योतिष्याच्या दृष्टीने पाहिले. पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात एक वर्तुळ कल्पिले, तर त्या वर्तुळावरील तारा पृथ्वीवर कोठूनही पाहिला तरी ठीक पूर्वेस उगवतो. तेव्हा कृत्तिका एके काळी त्या वर्तुळावर असल्या पाहिजेत. आसाच्या डोलण्यामुळे त्या पुढे उत्तरेकडे सरकल्या. हा सरक मागे मोजीत गेले की इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे हा काळ येतो. दीक्षितांनी हे विवेचन १८९५ साली इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सर्व पंडितांना ते पटले नाही. ते वाक्य तितक्या काटेकोर अर्थाने घ्यावे काय, अशी शंका अनेकांनी काढली आणि हा वाद पुढेही चालला. पण गणितात दोष काढता आला नाही. मतभेद राहिला तो वाक्याच्या अर्थाविषयी.

दीक्षितांचा स्वभाव येथे विशेष दिसून येतो. आपल्या पूर्वजांना आकाशाचे ज्ञान फार पूर्वीपासून होते, हे सिद्ध करताना त्यांना आनंद होत असेल यात नवल नाही. सारे ज्योतिष ग्रीकांकडूनच आले असे म्हणणाऱ्या युरोपीय पंडितांशी ते मुद्देसूदपणे झगडले. परंतु वारांची आणि मेषादी राशींची नावे वैदिक वाङ्मयात सापडत नाहीत, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. जे आपले ते आपले म्हणावे आणि जे मागाहून आले ते मागाहून आले म्हणावे, याविषयी त्यांच्या मनात संकोच नव्हता. पूर्वजांच्या अभिमानाने लिहिणारे त्या काळी पुष्कळ होते. पण पुरावा आपल्या बाजूस नसेल तेथे तसे सांगणारे थोडे होते.

भारतीय ज्योतिषशास्त्र हा त्यांचा मोठा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. वेदांगज्योतिषापासून आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्यापर्यंत आणि तेथून आपल्या समकालीनांपर्यंत ज्योतिष्यांची व त्यांच्या ग्रंथांची माहिती त्यांनी त्यात दिली. अनेक ग्रंथ तोवर छापलेले नव्हते. हस्तलिखित पोथ्या मिळवून, वाचून, त्यांतील गणित स्वतः करून पाहून त्यांनी ही माहिती जमविली होती. हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला भारतीय कालगणनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथही लंडनहून निघाला. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या वर्षांची कोष्टके त्यात आहेत आणि इतिहाससंशोधकांना ती फार उपयोगी पडली.

पण दीक्षित केवळ पंडितांसाठी लिहीत नव्हते. शाळेतील मुलांसाठी त्यांनी विद्यार्थिबुद्धिवर्धिनी व सृष्टचमत्कार ही पुस्तके लिहिली. सामान्य वाचकाला ग्रहताऱ्यांची ओळख व्हावी म्हणून ज्योतिर्विलास लिहिले. त्याचे दुसरे नाव रात्रीची दोन घटका मौज असे आहे. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. जेवणे झाल्यावर अंगणात बसून पाऊण तास आकाश पाहण्याची हौस असावी, याहून अधिक काही या पुस्तकाच्या वाचकाजवळ असण्याची गरज नव्हती.

एवढे काम हातून झाले तेव्हा त्यांचे वय फार नव्हते. १८९४ पासून ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे जेथे शिकले तेथेच, शिकवीत होते. आता ग्रंथसंग्रह व विद्वानांचा सहवास हाताशी होता. परंतु मोठा ग्रंथ प्रसिद्ध होऊन दोन वर्षेही लोटली नाहीत तोच, २० एप्रिल १८९८ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांना पंचेचाळिसावे वर्ष चालू होते.

पुढे त्यांच्या मराठी ग्रंथाची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरे झाली. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष सायन आहे. वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी त्याचा चैत्र लागतो. घराघरांतील पंचांगे मात्र बहुतेक निरयनच राहिली. तिळगूळ वाटला जातो, तेव्हा उत्तरायण लागून तीन आठवड्यांहून अधिक दिवस उलटून गेलेले असतात.