बैलांच्या शाळेत शिकलेले हॉवर्डसाहेब

मल्हारगंजातून निघून राजवाडा मागे टाकावा, छावणी ओलांडावी आणि तसेच पूर्वेकडे जावे, म्हणजे कृषी महाविद्यालयाची जमीन लागते. शहर वाढत वाढत आता तिच्या चहूबाजूंना येऊन भिडले आहे. पण शंभर वर्षांपूर्वी हे गावाबाहेरचे काळेभोर रान होते. होळकर दरबाराने दिलेल्या तेथील ३०० एकरांवर १९२४ साली एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने बिऱ्हाड थाटले, गोठ्यात चाळीस बैल बांधले, आणि सात वर्षांत इंदूरचे नाव अशा देशांत पोचवले की जेथे होळकरांची तलवारही गेली नव्हती आणि माहेश्वरी लुगडेही गेले नव्हते. ह्या गृहस्थांचे नाव सर आल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड म्हटले की लोकांना कंपोस्ट खत आठवते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र आठवण काढायची आहे ती त्यांच्या बैलांची. त्याला कारण आहे. आपल्याकडील जुन्या घरांतला मुलगा किंवा मुलगी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली, की शेजारीपाजारी पेढा घेता घेता थोडी हळहळही व्यक्त करतात. माणसांची डॉक्टरकी थोडक्यात हुकली असावी, असा त्या हळहळीचा अर्थ. गुराढोरांची आणि कोंबड्यांची विद्या ही दुय्यम, असे आपण धरूनच चाललेले असतो. ज्यांच्या वाड्यात दोन-तीन पिढ्यांपूर्वी दाराशी गाय होती, त्यांनी असे मानावे हे नवलच म्हणायचे. ही समजूत किती उथळ आहे ते हॉवर्डसाहेबांच्या चरित्रावरून कळते. शिवाय ह्या विद्येच्या अभ्यासकांनाही त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. साहेबांना जे गवसले ते, आणि त्यांच्या हातून जे निसटले तेही.

आल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल ह्या लहानशा गावी झाला. घर शेतकऱ्याचे. तेव्हा गुरे, गोठा आणि उकिरडा यांची ओळख पुस्तकांच्या आधी झालेली. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले. निसर्गविज्ञानात पहिला वर्ग मिळवला, शेतकीची पदविकाही घेतली. १८९९ साली ते वेस्ट इंडीज बेटांत पिकांवरील बुरशीच्या रोगांचे तज्ज्ञ म्हणून गेले. तेथे त्यांना पहिली टोचणी लागली. हाती सूक्ष्मदर्शक होते, प्रयोगशाळा होती. पण स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन नव्हती. जो उपाय आपण आपल्या शेतावर करून पाहिला नाही तो दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचा, हा प्रश्न त्यांच्या मनात तेथे रुजला आणि अखेरपर्यंत त्यांना सोडून गेला नाही.

१९०५ साली बिहारात पुसा येथे लॉर्ड कर्झनच्या पुढाकाराने नवी शेतकी संशोधनसंस्था उभी राहत होती. तेथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून हॉवर्ड आले. त्याच वर्षी मुंबईत त्यांचा विवाह गॅब्रिएल माथाई ह्या विदुषीशी झाला. बाईंचे शिक्षण केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात झालेले. उष्णतामानाचा झाडांच्या अन्ननिर्मितीवर काय परिणाम होतो ह्या विषयावरील त्यांचे संशोधन आजही पाठ्यपुस्तकांत उल्लेखिले जाते. केंब्रिज विद्यापीठाने मात्र स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास प्रारंभ केला तो १९४८ साली. पुढची पंचवीस वर्षे पतिपत्नींनी खांद्याला खांदा लावून काम केले. पुसा येथील त्यांच्या गव्हाच्या सुधारित जाती उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरल्या. हॉवर्ड यांच्या नावावर जे जे जमा आहे, त्यातले निम्मे श्रेय ह्या बाईंचे आहे हे विसरून चालणार नाही.

पुसाला त्यांना ७५ एकर जमीन मिळाली. नांगरटीला बैल हवे होते, आणि ते संस्थेच्या सामाईक ताफ्यातून मिळत. हॉवर्ड यांनी आग्रह धरला की बैल आपले स्वतःचे हवेत. त्यांची निवड, गोठा, वैरण आणि देखभाल सर्व आपल्या हाती हवी. वनस्पतिशास्त्रज्ञाने बैल सांभाळण्याचा हट्ट धरावा, ही मागणी सरकारी शिरस्त्यात बसणारी नव्हती. बरीच रदबदली करावी लागली. अखेर १९१० च्या सुमारास सहा जोड्या त्यांच्या दावणीला आल्या.

आता खरी शाळा सुरू झाली. हॉवर्ड यांनी बैलांना पुरेशी जागा, स्वच्छ गोठा आणि आपल्याच कसदार जमिनीत पिकवलेली हिरवी व वाळली वैरण दिली. त्यांच्या गोठ्याशेजारीच संस्थेची इतर जनावरे होती, मध्ये फक्त एक बुटके कुंपण. त्या जनावरांत खुरकतीची साथ वारंवार येई. हॉवर्ड यांचे बैल कुंपणावरून मान टाकून आजारी जनावरांच्या नाकाला नाक लावीत. साहेब हे स्वतः पाहत उभे असत आणि बैलांना मुद्दाम बाजूला काढीत नसत. बैल आजारी पडले नाहीत. पुढे क्वेट्ट्याला आणि त्यानंतर इंदूरला हाच क्रम चालू राहिला. १९१० ते १९३१ ह्या २१ वर्षांत बुळकांडी, खुरकत, घटसर्प अशा साथी आजूबाजूला येऊन गेल्या. आपल्या एकाही बैलाला टोचले नाही, वेगळे बांधले नाही आणि एकालाही साथीचा रोग झाला नाही, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. ह्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की आरोग्याचे मूळ दवाखान्यात नसून मातीत आहे. कसदार मातीतून कसदार वैरण, वैरणीतून निरोगी जनावर, आणि त्याच्या शेणमुतातून पुन्हा कसदार माती. हे चाक कोठेही मोडले की रोग आत शिरतो.

पुसा त्यांना लवकरच अपुरे वाटू लागले. तेथे वनस्पतीचे खाते वेगळे, किडीचे वेगळे, बुरशीचे वेगळे, रसायनाचे वेगळे. एकच झाड मुळापासून शेंड्यापर्यंत एकाच माणसाने पाहावे, अशी सोय नव्हती. म्हणून भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचे साहाय्य, मध्य हिंदुस्थानातील संस्थानांच्या वर्गण्या आणि होळकर दरबाराची जमीन यांच्या बळावर त्यांनी इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री ही संस्था उभारली. विषय कापसाचा, पण बांधणी साऱ्या शेतीची. मजुरांना कामाचे तास कमी, पगार ठरल्या दिवशी, राहायला चांगली घरे आणि औषधपाण्याची सोय. बैलांना लावलेला न्याय त्यांनी माणसांनाही लावला.

जगप्रसिद्ध इंदूर पद्धत ह्याच गोठ्यात जन्मली. कपाशीच्या पळाट्या, तण, पालापाचोळा असे शेतातले जे टाकाऊ, ते रस्त्यावर किंवा गोठ्यात पसरून चुरून घ्यायचे आणि बैलांखाली अंथरायचे. रात्रभरात ते मुताने भिजे. सकाळी ते शेणासह उचलून सुमारे ३० फूट लांब व १४ फूट रुंद अशा उथळ खड्ड्यांत थरांनी घालायचे. प्रत्येक थरावर गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि लाकडाची राख, वरून पाणी. ठराविक अंतराने तीनदा उलथापालथ केली की सुमारे ९० दिवसांत काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार. चीनमधील शेतकऱ्यांच्या पिढीजात रीतीचा अभ्यास त्यामागे होता. शिवाय आपल्याकडे शेणाच्या गोवऱ्या करून ते चुलीत जाते, तेव्हा थोड्या शेणात पुष्कळ खत कसे व्हावे ही विवंचनाही होती. ह्या कामी त्यांचा उजवा हात होते रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड. १९३१ साली ह्या पद्धतीचे जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांचीही नावे आहेत. एका साहेबाने आपल्या मराठी सहकाऱ्याचे नाव पुस्तकावर बरोबरीने छापावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुढे १९३४ साली वाड आणि जॅक्सन यांनी हीच रीत वस्तीतील मैला व केरकचऱ्याला लावून त्यावर पुस्तिका लिहिली. हे प्रयोग रेसिडेन्सी, माळवा भिल्ल पलटण आणि खुद्द इंदूर शहर येथे झाले होते. स्वच्छतेसाठी आज देशभर वाखाणल्या जाणाऱ्या आपल्या शहराने कचऱ्याची किंमत ओळखली ती काही कालपरवा नव्हे. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदूरला आले असता, त्यांनीही मुद्दाम ह्या संस्थेत जाऊन खताचे काम पाहिले.

तोवर हॉवर्ड इंदूर सोडून गेले होते. १९३० साली गॅब्रिएलबाई वारल्या आणि १९३१ साली साहेबांनी नोकरीची रजा घेतली. त्यांचा दुसरा विवाह बाईंच्या धाकट्या भगिनी लुईझ यांच्याशी झाला. साहेबांच्या हिंदुस्थानातील कार्यावर १९५३ साली ग्रंथ लिहिला तो त्यांनीच. १९३४ साली हॉवर्ड यांना सर ही पदवी मिळाली. १९४० साली त्यांचा शेतीवरील मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि रासायनिक खतांविरुद्ध त्यांनी इंग्लंडात मोठा वाद उभा केला. खुरकत आढळताच तेथे सबंध कळप ठार मारीत. त्यालाही त्यांचा कडवा विरोध होता. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. आज जगभर ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात, तिच्या मूळपुरुषांत त्यांची गणना होते.

येथे थोडे थांबून हिशेब पाहिला पाहिजे. नुसती आरती ओवाळून भागणार नाही. साहेबांचे बैल थोडे होते, निवडून आणलेले होते, आणि तसेच दुसरे बैल निकृष्ट वैरणीवर ठेवून शास्त्रशुद्ध तुलना त्यांनी केलेली नव्हती. उत्तम पोसलेले जनावर पुष्कळ रोगांना तोंड देते हे खरेच. पण सगळ्याच रोगांना देते असे नाही. बुळकांडीचाच इतिहास पाहा. १८९० नंतरच्या दशकात ती आफ्रिकेत पसरली तेव्हा रोडक्या गुरांबरोबर धष्टपुष्ट कळपही आडवे झाले आणि रानातली मोकळी जनावरेही मेली. युरोपात तिने असा कहर केला होता की त्यावर इलाज शोधण्यासाठीच फ्रान्समध्ये लियॉन येथे १७६१ साली जगातले पहिले पशुवैद्यक विद्यालय निघाले. आपल्या मुंबईचे असे महाविद्यालय १८८६ चे. हॉवर्ड इंदूरला बैलांना कसदार वैरण घालीत होते, त्याच सुमारास कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे एडवर्ड्स नावाचे दुसरे साहेब बकऱ्यांच्या साहाय्याने बुळकांडीची लस तयार करीत होते. दोघेही एकाच शत्रूशी लढत होते. लसीचे काम अनेक हातांनी पुढे नेले. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला आणि २०११ साली सारे जग. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग. हे वैरणीने झाले नाही, सुईने झाले. टोचणीवाचून चालते हे साहेबांचे म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले नाही.

मग त्यांच्यापासून घ्यायचे काय? घ्यायची ती दृष्टी. सुईने साथ टळते. पण दूध, बळ आणि वेत गव्हाणीतूनच येते. लस टोचलेली पण अर्धपोटी गाय रोगाने मरत नाही, इतकेच. कोंबड्यांचे तेच. हजारो पक्षी एका छपराखाली कोंडले की लसीवाचून इलाज नाही; पण हवा, दाणा आणि खालची तूस बिघडली तर लसही पुरी पडत नाही. महूचे महाविद्यालय १९५५ साली निघाले. तेथील अभ्यासक्रमात रोगचिकित्सेच्या जोडीला पशुपोषण, गोठ्याची व्यवस्था आणि कुक्कुटपालन हे विषय असतात ते ह्याच कारणाने. मुक्तेश्वर आणि इंदूर ह्या दोन्ही वाटा तेथे एकत्र येतात. साडेपाच वर्षांत ह्या मुलांना ज्या रोग्याची परीक्षा करायला शिकावे लागते, तो आपले दुखणे बोलून सांगू शकत नाही. ह्या विद्येला दुय्यम कोणत्या मापाने म्हणायचे?

हॉवर्ड यांची संस्था १९५९ साली कृषी महाविद्यालय झाली. तिच्या जमिनीवरून आजकाल शहराची वाहने धावतात; पण साहेबांचा धडा अजून जुना झालेला नाही. केंब्रिजची पदवी खिशात असताना त्यांनी बैलांच्या गोठ्यात उभे राहून पुन्हा पहिलीपासून शिकायला सुरुवात केली. आपल्या मल्हारगंजातली एखादी मुलगी उद्या महूला निघाली, तर हळहळ न करता तिच्या हातावर दही घालावे; आणि पहिल्या सुटीत ती घरी आली, की आधी गोठ्यात काय पाहिलेस ते विचारावे.