कारखाना शिकत गेलेला शिक्षक : लक्ष्मणराव किर्लोस्कर

कारखाना कसा चालवावा, माणसे, यंत्रे, कच्चा माल आणि पैसा यांचा मेळ कसा घालावा, याचे शिक्षण आज महाविद्यालयांत रीतसर मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असा अभ्यासक्रम या देशात कुठेच नव्हता. तो ज्यांनी स्वतःच्या हिमतीवर, चुकत आणि सावरत पुरा केला, त्यांत लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी येते. विशेष म्हणजे त्यांच्या शिक्षणाची सुरुवातच अपयशाने झाली होती.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. घराणे वेदान्ताची आवड जपणारे. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. वडिलांचा विरोध असतानाही थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने लक्ष्मणरावांनी १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. दोन वर्षे गेली आणि लक्षात आले की, त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेदच नीट कळत नाही. ज्या कलेसाठी घरच्यांची नाराजी पत्करली, तिचे दार असे बंद झाले.

रंग हातचे गेले, तरी रेषा शाबूत होती. लक्ष्मणराव यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये महिना ४५ रुपयांवर शिक्षक झाले. शिकवण्याच्या निमित्ताने त्यांचा हात यंत्रांवर बसला. वर्गाबाहेरही त्यांचे डोळे उघडे होते. मुंबईत सायकल नवीन होती. ती पाहून त्यांनी बेळगावात सायकलविक्रीचा घाट घातला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, अशी वाटणी ठरली. शिकवणीचे १५ रुपये घेऊन गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवले जाई. १८८८ सालचे हे ‘किर्लोस्कर ब्रदर्स’चे मूळ.

संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा पात्रता असूनही त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थांना देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. ठराविक पगाराची वाट सोडणे संसारी माणसाला सोपे नव्हते. पण परक्याच्या मर्जीवर आपली योग्यता तोलून घेणे त्यांना त्याहून जड वाटले.

बेळगावच्या छोट्या कारखान्यात आधी कडबा कापण्याची यंत्रे तयार झाली, मग लोखंडी नांगर. इथे त्यांना उत्पादनाचा खरा धडा मिळाला. नांगर उत्तम होता, पण तो घ्यायला कुणी तयार नव्हते. लोखंडाने जमिनीला विष लागते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. वस्तू घडवणे हे काम निम्मेच. ती वापरणाऱ्याच्या मनातली शंका फेडणे हे उरलेले निम्मे, हे लक्ष्मणराव त्या दोन वर्षांत शिकले.

धंदा कुठे मूळ धरू लागला, तोच नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. भट्टी, यंत्रे, कामगार घेऊन जायचे कुठे? त्याच सुमारास औंध येथे सभामंडप उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि गुणांचे पारखी. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि कर्जाऊ रक्कम देऊ केली.

जमीन होती निवडुंगाने भरलेली, नागांचा वावर असलेली, उजाड. १९१० साली सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह लक्ष्मणराव तिथे उतरले. त्याच माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी ही एक.

माणसाची पारख हा लक्ष्मणरावांच्या कारभाराचा कणा होता. वसाहतीची आखणी रामूअण्णांकडे, हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे, तर शंभूराव जांभेकर यांच्यासारखा कुशल अभियंता जोडीला. शाळेत मागे पडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक यंत्रज्ञ ठरले. दरोडेखोर म्हणून नोंद असलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्या हाती त्यांनी वाडीची राखण सोपवली, आणि त्या दोघांनी तो विश्वास सार्थ केला. अस्पृश्यतेला वाडीत थारा द्यायचा नाही, हेही लक्ष्मणरावांनी ठरवून टाकले होते.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा भट्टीसाठी लाकडी कोळशाचा आधार घेतला गेला, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. लढाईसाठी ओतलेले लोखंड अशा रीतीने शेताच्या कामी आले. पुढे उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप अशी उत्पादने वाढत गेली.

स्वतःला जे शिक्षण मिळाले नाही, ते पुढच्या पिढीला मिळावे म्हणून पुत्र शंतनुराव यांना त्यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत धाडले. १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते परतले आणि वडिलांच्या अनुभवाला शास्त्राची जोड मिळाली. हरिहर, बंगळूर, पुणे अशा ठिकाणी उद्योगाचा विस्तार झाला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड हे स्थानकाचे नाव मागे पडून पुणे-मिरज मार्गावरील त्या स्थानकाला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

गोव्यातून चोर्ला किंवा अनमोड घाट चढून बेळगावकडे जाणाऱ्या तरुणांपैकी अनेकांच्या मनात आज कारखान्यातील नोकरीचे, व्यवस्थापनाच्या पदवीचे बेत असतात. ज्या शहरात आपण उतरतो, तिथेच एका माणसाला न विकलेले नांगर दोन वर्षे सांभाळावे लागले होते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. पदवी हाती आली तरी धीराची ती परीक्षा प्रत्येकाला आपापलीच द्यावी लागते.