विश्लेषण : दासबोधातही चेहऱ्याचं दुखणं… मेंदूच्या स्कॅनमध्ये वेदना दिसते का?

दात घासले, घास चावला किंवा नुसता वारा लागला, तरी गालातून विजेच्या झटक्यासारखी कळ जाते. जखम नाही, सूज नाही. दाढ काढूनही कळ थांबत नाही असे रुग्ण असतात आणि दुखतंय हे घरच्यांना पटवतानाच त्यांची दमछाक होते. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीशी जोडल्या गेलेल्या दासबोधात शरीराच्या दुखण्यांची लांबलचक यादी आहे. तीत चेहराही आहे.

यादी करणारे रामदास कोण?

नारायण सूर्याजी ठोसर हे समर्थ रामदासांचं मूळ नाव. जन्म १६०८ मध्ये रामनवमीला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी. बाराव्या वर्षी ते बोहल्यावरून पळाले, ही गोष्ट शाळेतच कानावर पडते. त्यानंतर नाशिकजवळच्या टाकळीत १२ वर्षं साधना आणि जवळपास तेवढीच वर्षं देशभर पायपीट. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले, १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभं राहिलं.

घळीत काय घडलं?

महाड-पोलादपूरचा डोंगरपट्टा म्हणजे जावळीच्या खोऱ्याचा शेजार. वरंध घाटाखालच्या या घळीत रामदास सांगत आणि शिष्य कल्याणस्वामी उतरून घेत, असं परंपरा मानते. पावसाळ्यात समोरच धबधबा कोसळतो. त्या आवाजात लिहून घेणाऱ्याचे हालच झाले असणार! पुढे ही जागा विस्मरणात गेली. १९३० मध्ये धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ती शोधून काढली.

दासबोधात २० दशक आणि २०० समास आहेत. तिसऱ्या दशकाच्या सहाव्या समासाचं नाव आध्यात्मिक ताप. इथे आध्यात्मिक म्हणजे देवाधर्माचं नव्हे, तर आपल्याच देहातून आणि मनातून उठणारं दुखणं. अर्धशिशी, सुजलेली हिरडी, फुगलेला गाल, मान आणि चेहऱ्याची वेदना, सगळं त्यात येतं. काटा मोडणं, विंचू चावणं अशी बाहेरून आलेली दुखणी पुढच्या समासात वेगळी काढली आहेत. यावरून रामदासांना मेंदूविज्ञान ठाऊक होतं, असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. पण बाहेर कारण दिसत नसतानाही दुखू शकतं, हे त्यांनी बारकाईनं नोंदवलं.

मेंदूत काय होतं?

चेहऱ्याची संवेदना मुख्यतः ट्रायजेमिनल या मज्जातंतूतून जाते. त्याच्या तीन शाखा : कपाळ-डोळा, गाल-वरचा जबडा आणि खालचा जबडा. अर्धशिशीतही हीच यंत्रणा गुंतलेली असते. संदेश आधी मेंदूच्या देठात, तिथून थॅलॅमसमध्ये आणि पुढे अनेक भागांत पोहोचतो. कुठे दुखतंय हे एक भाग ठरवतो. त्या दुखण्याचा त्रास किती वाटतो, यात इन्सुला आणि सिंग्युलेट या भागांचा वाटा असतो.

फंक्शनल एमआरआय मात्र वेदना मोजत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल टिपून मेंदूचा कोणता भाग कामाला लागला, याचा तो अंदाज देतो. अनेक जणांच्या स्कॅनची सरासरी काढली की चित्र दिसतं. पण एखाद्या रुग्णाचं दुखणं खरं की खोटं, याचा निकाल त्यावरून देता येत नाही. साधा एमआरआय रक्तवाहिनी मज्जातंतूवर दाबतेय का किंवा गाठ आहे का, हे पाहायला उपयोगी पडतो. निदानाचा मुख्य आधार आजही रुग्ण काय सांगतो, हाच आहे.

मग आंब्याची गोष्ट काय?

रामदासांबद्दल एक कथा सांगतात. त्यांनी पायाला पट्टी बांधली, मोठं गळू झालंय असं सांगितलं आणि ते तोंडानं कोण चोखेल, असं विचारलं. इतर शिष्य मागे सरले, कल्याण पुढे झाला. पट्टीखाली पिकलेला आंबा होता. कथा गुरुभक्तीची म्हणून सांगितली जाते. पण गंमत अशी, की रोज सोबत असणाऱ्यांनाही कळलं नाही की गुरूंना दुखत नव्हतंच.

१६७६ पासून रामदास सज्जनगडावर राहिले आणि तिथेच १६८२ मध्ये त्यांचं निधन झालं. ते गडावर असतानाच, १६७७ च्या डिसेंबरात, इंग्रज तत्त्वज्ञ आणि वैद्य जॉन लॉक पॅरिसमध्ये इंग्लंडच्या राजदूताच्या पत्नीवर उपचार करत होता. तिच्या चेहऱ्यात उठणाऱ्या कळांचं तपशीलवार वर्णन त्यानं पत्रांतून लिहून पाठवलं. या आजाराच्या सुरुवातीच्या स्पष्ट वैद्यकीय नोंदींत त्या पत्रांची गणना होते.