माईसाहेब आंबेडकर : संशय आणि सम्यक वाचा



विहाराच्या स्मरणिकेत त्यागमूर्ती माता रमाईंचे चरित्र हटकून असते, आणि ते असलेच पाहिजे. परंतु डॉ. सविता ऊर्फ माईसाहेब आंबेडकरांचे नाव निघाले की आपल्या वस्तीत अजूनही कुणी गप्प बसतं, कुणी कुजबुजतं. म्हणून या वर्धापनदिनी त्यांचे चरित्र आम्ही मुद्दाम आपल्यापुढे ठेवीत आहोत.

माईसाहेबांचे माहेरचे नाव शारदा कबीर. २७ जानेवारी १९०९ रोजी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यातले. मुलींनी चार इयत्ता शिकणेही मोठे मानले जाई, त्या काळात त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९३७ साली एम.बी.बी.एस. केले. त्यांच्या भावंडांपैकी अनेकांनी आंतरजातीय विवाह केले होते, म्हणजे जातीचे सोवळे त्या घरात फारसे उरले नव्हते. पुढे त्या गिरगावात डॉ. मालवणकरांकडे काम करू लागल्या. बाबासाहेबांची आणि त्यांची ओळख १९४७ साली मुंबईत झाली.

रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या, त्यानंतर बाबासाहेब कित्येक वर्षे एकटेच होते. मधुमेह, संधिवात, पायांच्या वेदना असे आजार आणि त्यात राज्यघटनेचे अवाढव्य काम. जवळ बघणारं माणूस नाही, वेळेवर इन्सुलिन नाही की पथ्य नाही. अशा परिस्थितीत १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने त्यांचा विवाह झाला आणि शारदाच्या सविता झाल्या. लग्न झाल्या दिवसापासून बाबासाहेबांचे औषधपाणी आणि खाणेपिणे त्यांनी हातात घेतले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर भदन्त चंद्रमणी महास्थवीरांकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले तेव्हा त्यांच्या शेजारी माईसाहेबही हात जोडून उभ्या होत्या. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेलाही त्या सोबत गेल्या.

आणि ६ डिसेंबर १९५६ उजाडला. दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवर झोपेतच बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आदल्या रात्री ते लिखाण करीत होते. दीक्षेला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. आपली माणसं अक्षरशः पोरकी झाली. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर लाखोंचा जनसागर लोटला. आणि त्या आकांतातच संशय जन्माला आला.

रात्री घरात कोण होतं? औषध कोणतं दिलं? सकाळी निरोप कधी दिला? बाई डॉक्टर, त्यातून जन्माने ब्राह्मण! असे प्रश्न गिरणीच्या खात्यात, चाळीच्या नळावर, गावाकडच्या पारावर फिरू लागले. यात नवल काही नव्हते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या फसवणूकच सोसली त्याला असा घाला साधा वाटणे कठीण. चौकशीची मागणी झाली तीही रास्त होती. एवढा मोठा माणूस अकस्मात जातो तेव्हा विचारायचा हक्क लोकांना असतोच.

पण विचारणे निराळे आणि ठरवून टाकणे निराळे. सरकारने चौकशी केली. १९५७ साली केंद्रीय गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी लोकसभेत मृत्यू नैसर्गिक असल्याचे सांगितले. तरीही कुजबुज थांबली नाही. पुढे मिळकतीचा वाद न्यायालयात गेला, तेव्हा तर कुटुंबातली प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर आली. माईसाहेबांचे बोलणे, राहणे, गप्प बसणे, सगळ्याचाच लोक पुरावा करू लागले. रडल्या तर नाटक, नाही रडल्या तर पाषाणहृदयी! अशा तराजूत कोणती बाई खरी उतरणार?

एक गोष्ट मात्र सर्वांनी ध्यानात घ्यावी. बाबासाहेबांनी १५ मार्च १९५६ रोजी बुद्ध अँड हिज धम्म या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली होती. आपले आयुष्य काही वर्षे वाढले ते पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय सेवेमुळे, अशी कृतज्ञता त्यांनी तीत स्वतः नोंदवली होती. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती, पुष्कळ वर्षांनी ती लोकांपुढे आली. ज्यांच्या शब्दावर आपण धर्म बदलला त्यांची ही साक्ष कुजबुजीपेक्षा हलकी कशी ठरेल?

माईसाहेब पुष्कळ वर्षे दिल्लीत एकाकी राहिल्या. पुढे दलित पँथरच्या तरुणांनी त्यांना सन्मानाने पुन्हा समाजात आणले. १४ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांचा मरणोत्तर भारतरत्न किताब राष्ट्रपती व्यंकटरामन यांच्या हस्ते त्यांनी स्वीकारला. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या सहवासात हे त्यांचे आत्मकथन आले आणि त्यांची बाजू लोकांना वाचायला मिळाली. जपून ठेवलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू त्यांनी पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयाला दिल्या. आज शाळेची पोरं तिथे जाऊन त्या वस्तू बघतात. २९ मे २००३ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. म्हणजे साडेसेहेचाळीस वर्षे हा संशय त्यांच्या मागे होता.

तथागतांनी कालामांना काय शिकवले ते आपण या विहारात ऐकतोच. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट मानू नये, आपल्या बुद्धीने पारखून घ्यावी. पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो आणि अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. ही शिकवण फक्त वंदनेपुरती नाही. आज आपल्याच गल्लीत एखाद्या घरी अवचित मयत झाली, सून एकटी मागे राहिली, की दुसऱ्या दिवशी चर्चा सुरू होते. शंका असेल तर पोलिसांत जावे, डॉक्टरांना विचारावे, कायदा बाबासाहेबांनीच दिला आहे. पण पुराव्याशिवाय कुणाच्या दारावर डाग लावू नये, कारण तो तिच्या लेकराबाळांनाही पुसता येत नाही.

रमाईंनी बाबासाहेबांना घडताना साथ दिली, माईसाहेबांनी ते थकलेले असताना सांभाळले. दोघींचा मान ठेवल्याने कुणाचाच मान कमी होत नाही. या वर्धापनदिनी घराघरातल्या आयाबहिणींनी हे चरित्र मुलांना वाचून दाखवावे, हीच माईसाहेबांना खरी आदरांजली ठरेल.

भवतु सब्ब मंगलम्‌! नमो बुद्धाय! जय भीम!