पंच्याहत्तर डॉलरच्या कर्जापासून

टेक्सास राज्यातील सॅन मार्कोस या छोट्या गावातील महाविद्यालयात ८ नोव्हेंबर १९६५ रोजी एक माजी विद्यार्थी परत आला. साडेतीन दशकांपूर्वी याच आवारात तो कचरा वेचत असे, इमारती झाडत असे. आता तो अमेरिकेचा ३६वा अध्यक्ष होता आणि गरीब विद्यार्थ्यांना सरकारी अर्थसाहाय्य देणाऱ्या उच्च शिक्षण कायद्यावर स्वाक्षरी करण्यासाठी त्याने राजधानी सोडून मुद्दाम हे ठिकाण निवडले होते. लिंडन बेन्स जॉन्सन यांच्या आयुष्याचे वर्तुळ त्या दिवशी पूर्ण झाल्यासारखे भासले असले, तरी त्यांची खरी परीक्षा पुढेच होती.

भारतीय वाचकाला जॉन्सन आठवतात ते दोन कारणांनी. एक व्हिएतनामचे युद्ध आणि दुसरा गहू. १९६५-६६ च्या दुष्काळात भारताला द्यावयाचा अमेरिकी गहू त्यांनी महिन्या-महिन्याच्या हिशेबाने, हात आखडता घेत सोडला. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला त्यांच्याविषयी ममत्व वाटण्याचे काही कारण नव्हते. परंतु स्वतःच्या देशातील बेकार तरुणाच्या हाती कसब यावे म्हणून सरकारी तिजोरी उघडण्याच्या बाबतीत हाच माणूस कमालीचा उदार होता, आणि त्याची मुळे त्यांच्या तरुणपणात आहेत.

२७ ऑगस्ट १९०८ रोजी स्टोनवॉलजवळ, पेडरनेलिस नदीकाठच्या एका शेतघरात त्यांचा जन्म झाला. वडील सॅम जॉन्सन राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते, आई रिबेका सुशिक्षित. म्हणजे घराणे अगदीच फाटके नव्हते. आपल्या गरिबीचे वर्णन जॉन्सन पुढे थोडे वाढवूनच करीत, असे त्यांच्या चरित्रकारांनी दाखवून दिले आहे. मात्र कापसाच्या शेतीत वडिलांचे हात पोळले, घरावर कर्ज चढले आणि मुलाचे पुढील शिक्षण अधांतरी राहिले, हे खरे. १९२४ साली शालेय शिक्षण संपवून तो मित्रांबरोबर कॅलिफोर्नियाला गेला, मिळेल ते काम केले, परतल्यावर रस्त्याच्या कामावर मजुरी केली. अखेर १९२७ मध्ये ७५ डॉलर उसने घेऊन त्याने सॅन मार्कोसच्या शिक्षक महाविद्यालयात नाव घातले.

कर्जातून प्रवेश मिळाला, पण रोजच्या जेवणाचा प्रश्न उरलाच. झाडलोटीपासून प्राचार्यांच्या कार्यालयातील कामापर्यंत सर्व करूनही पैसे पुरेनात. तेव्हा शिक्षण मध्येच थांबवून जॉन्सन १९२८ मध्ये कोटुला या गावी मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळेवर शिक्षक म्हणून रुजू झाले. तेथील मुले उपाशीपोटी वर्गात येत. पहिल्या पगारातून त्यांनी मुलांसाठी खेळाचे साहित्य आणले. शुल्क माफ केले म्हणजे गरीब मुलगा शिकतो असे नाही, शिकतानाच्या काळात त्याच्या पोटाची सोय कोणी तरी पाहावी लागते, हे त्यांना स्वानुभवाने आणि कोटुलाच्या वर्गात असे दोनदा कळले होते. १९३० मध्ये ते पदवीधर झाले.

तोवर महामंदीने अमेरिकेला ग्रासले होते. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३५ मध्ये बेकार तरुणांसाठी नॅशनल युथ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा उभारली आणि टेक्सासची जबाबदारी जॉन्सन यांच्याकडे आली. वय अवघे २६. देशातील सर्वांत तरुण राज्य संचालक. शाळेतील मुलाला अर्धवेळ कामाच्या बदल्यात महिन्याला जास्तीत जास्त ६ डॉलर, महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्याहून अधिक, आणि शाळा सुटलेल्या बेकार तरुणांना मजुरी व कामातून शिक्षण असे या योजनेचे स्वरूप होते. ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. जॉन्सन यांनी महामार्गांच्या कडेला प्रवाशांसाठी विसाव्याची छोटी उद्याने बांधण्याचे काम काढले आणि त्यावर हजारो तरुण लावले. वंशभेद कायद्यानेच पाळला जाणाऱ्या त्या राज्यात कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांपर्यंतही त्यांनी ही मदत पोहोचवली, मात्र त्याचा गवगवा होऊ दिला नाही. १९३७ मध्ये ते काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले. पुढे सिनेट, बहुमतातील पक्षाचे नेतेपद आणि उपाध्यक्षपद अशा पायऱ्या ते चढत गेले. १९४८ ची सिनेट उमेदवारी अवघ्या ८७ मतांनी आणि पुष्कळ संशयाच्या वातावरणात मिळाली होती, हेही नोंदवायला हवे.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी जॉन केनेडी यांची हत्या झाली आणि जॉन्सन अध्यक्ष झाले. यंत्रे आल्यामुळे काम गेलेल्या मजुरांना नवे कसब शिकवावे आणि शिकत असताना त्यांना भत्ता द्यावा, यासाठीचा कायदा केनेडींच्या कारकिर्दीत १९६२ मध्येच झाला होता. बेकाराचे शुल्क सरकारने भरायचे आणि ५२ आठवड्यांपर्यंत त्याचे घरही चालवायचे, अशी ती तरतूद. जॉन्सन यांनी महिन्याभरात त्यात दुरुस्ती करून अधिक तरुणांना दार उघडले आणि लिहिण्या-वाचण्यापासून शिकवण्याचीही सोय केली. कारण सुतारकामाच्या वर्गात बसवलेल्या माणसाला मोजपट्टी वाचता येत नसेल, तर वर्ग व्यर्थच.

१९६४ च्या आर्थिक संधी कायद्याने जॉब कोअर ही योजना आली. १६ ते २१ वयाच्या, शाळा सोडलेल्या बेकार मुलामुलींना निवासी केंद्रात राहणे, जेवण आणि प्रशिक्षण मोफत. महिन्याला ३० डॉलर विद्यावेतन. शिवाय दर महिन्याचे ५० डॉलर शिल्लक टाकून बाहेर पडताना हाती द्यायचे. यातील एक मोठे केंद्र सॅन मार्कोसजवळच्या जुन्या लष्करी तळावर, कॅम्प गॅरी येथे उभे राहिले. एप्रिल १९६५ मध्ये जॉन्सन त्याच्या उद्घाटनाला स्वतः गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये व्यवसाय शिक्षण घेणाऱ्यांच्या कर्जाला सरकारी हमी देणारा कायदा झाला आणि पाठोपाठ उच्च शिक्षण कायदा आला.

येथेच एक गफलत झाली. अनुदानाला तिजोरीतून लगेच पैसा लागतो, हमी मात्र कागदावर स्वस्त दिसते. व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्य १९६८ पर्यंत पाच लाखांच्या पुढे गेले आणि प्रत्येक डॉलरसाठी रणगाडा आणि शाळा यांच्यात ओढाताण सुरू झाली. जॉब कोअरवर टीका होऊ लागली. खर्च फार, मुले अर्ध्यातून पळतात, केंद्राशेजारच्या गावात भांडणे होतात, असे आक्षेप होते आणि सगळेच खोटे नव्हते. कर्जाची वाट मात्र रुंदावत गेली. पुढील काळात नफेखोर व्यवसाय शाळांनी सरकारी हमीवर बेकारांना प्रवेश दिले, प्रमाणपत्रे वाटली आणि अनेकांच्या पदरी नोकरीऐवजी हप्ते पडले. अमेरिकेतील विद्यार्थी कर्जाचा डोंगर आता दीड लाख कोटी डॉलरच्याही वर आहे. ७५ डॉलर उसने घेऊन अध्यक्षपदापर्यंत पोहोचलेल्या माणसाला कर्जाची भीती कमी वाटली असावी.

३१ मार्च १९६८ रोजी जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. त्यांच्यानंतर आलेल्या रिचर्ड निक्सन यांच्या सरकारने १९६९ मध्ये जॉब कोअरची ५९ केंद्रे बंद केली. कॅम्प गॅरी मात्र वाचले.

२२ जानेवारी १९७३ रोजी पेडरनेलिसकाठच्या आपल्या शेतावर हृदयविकाराच्या झटक्याने जॉन्सन यांचे निधन झाले. पाच दिवसांनी पॅरिसमध्ये व्हिएतनामच्या शांतता करारावर सह्या झाल्या. त्याच वर्षीच्या शैक्षणिक सत्रापासून, त्यांच्याच १९६५ च्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, व्यवसाय शाळेतील विद्यार्थ्यांनाही थेट अनुदान मिळू लागले. रक्कम जास्तीत जास्त ४५२ डॉलर होती, आणि ती परत करायची नव्हती.